सेकंडचे हातमोजे

आमची ही गेली त्याला आता चौदा महिने झाले. मृत्यूच्या दाखल्यावर लिव्हरचा आजार लिहिलाय. ते खरंच आहे, डॉक्टर कशाला खोटं लिहील? त्या आजाराच्या मागे माझा किती हात आहे, ते दाखल्यावर लिहायची पद्धत नाही, म्हणून मी इथं लिहितोय. माझं शिक्षण सातवी. चुकेल तिथं चुकेल.

मी मूळचा मिलवाला. लालबागला चाळीत खोली आणि मिल पाच मिनिटांवर. मी फोल्डिंग खात्यात होतो. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड आमच्या टेबलावरून सरकायचं आणि आम्ही नुसत्या डोळ्यांनी त्यातली खोट धरायचो. तुटका धागा, तेलाचा डाग, गाठ, भोक. मग त्याचे तीन भाग पडायचे. निर्दोष ते फ्रेश. थोडी खोट असलेलं ते सेकंड. फाटलेलं ती चिंधी. फ्रेश बाजारात जायचं आणि सेकंड मिलच्या दुकानात आम्हा कामगारांना मिळायचं. गिरणगावात सेकंडची लाज कुणालाच नव्हती. चादरी सेकंड, पडदे सेकंड, पोरांचे शर्ट सेकंड. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी हिला घेतलेलं पातळसुद्धा सेकंडचंच. पदराजवळ बोटभर धागा सुटला होता आणि तो तपासताना मीच धरला होता. ही चाळीतल्या बायकांना पदर उलटून दाखवायची, ‘आमच्या ह्यांनी पकडलेली चूक आहे, बघा.’

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की सेकंड माल आपल्या माणसांसाठी असतो. थोडी खोट असते, वापरायला काही अडत नाही.

मग संप झाला. सुरुवातीला वाटलं दोन महिन्यांत मिटेल. मी गेटवर जायचो, सभांना जायचो, नाहीतर नाक्यावर उभा राहायचो. खरं सांगायचं तर घरात काय शिजतंय आणि काय शिजत नाही, ते बघायला नको म्हणून बाहेर राहायचो. ही एक दिवस केसांना तेल लावून, स्वच्छ पातळ नेसून निघाली आणि दुपारी येऊन म्हणाली, “गिरगावात एका प्रसूतिगृहात आयाचं काम मिळालंय. उद्यापासून जायचंय.”

“तिथं काय करायचं असतं?”

“बाळ डॉक्टरीणबाई काढतात. बाकी जे निघतं ते आयानं काढायचं.”

 पुरुष नाक्यावर आणि बायको रक्त पुसतेय, हे मला कळत होतं. कळून करणार काय?

त्या प्रसूतिगृहात नवे ग्लोव्ज बाईंना आणि नर्सला. ते वापरून झाले की आयांनी धुवायचे, दोरीवर बोंबील घालतात तसे वाळत घालायचे, पावडर मारायची, उकळायचे, की परत बाईंच्या टेबलावर. असे चारपाच वेळा होऊन रबर सैल पडलं की मग ते आयांच्या वाट्याला. तेही नसले तर उघडे हात. ही घरी आली की मोरीत बसून नखं ब्रशनं घासत बसायची आणि त्यानंतरच पिठाला हात लावायची.

संप मिटला असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मिल अर्धीमुर्धी चालू झाली तेव्हा गेटवर लावलेल्या यादीत माझं नाव नव्हतं. दोनेक वर्षं मिळेल ते काम केलं. मग ओळखीतून परळला एका गाळ्यात लागलो. तिथं ग्लोव्ज पॅक व्हायचे. केरळातून रबरी हातमोजे पोत्यांतून सुटे यायचे. ते तपासायचे, साइज बघून लावायचे, कागदात घालायचे, डब्यात भरायचे. शेठनं पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून विचारलं, “मिलमध्ये काय करत होता?”

“कापड तपासायचो.”

“मग झालं तर. कापडातला धागा दिसतो, रबरमधलं भोक नाय दिसणार काय?”

भोक दिसत नाही, हे मला पहिल्याच तासाला कळलं. ते गालाला कळतं. हातमोजा मनगटाकडून पिळायचा, आत हवा कोंडायची, पंजा फुग्यासारखा टम्म झाला की गालाजवळ धरून दाबायचा. बारीक भोक असलं तरी गालावर गार फुंकर येते. थोड्या दिवसांत माझा गाल असा तयार झाला की सुईच्या टोकाएवढं भोक कुठल्या बोटात आहे ते मी न बघता सांगायचो. संध्याकाळी घरी जायचो तेव्हा तोंडावर, भुवयांवर पांढरी पावडर. ही दारातच हसायची. “कापडाच्या गिरणीतनं निघालात, पिठाच्या गिरणीत लागलात होय?”

ग्लोव्ज दोन जातीचे होते. एक ऑपरेशनचे, त्यांना डावा-उजवा असायचा. दुसरे तपासणीचे, ते कुठल्याही हातात जायचे. भोक निघालेल्या मालाचं काय करायचं ते शेठनं काही सांगितलं नव्हतं. मीच तीन गोण्या मांडल्या आणि वर खडूनं लिहिलं, फ्रेश, सेकंड, चिंधी. बारीक भोक असेल, मनगटाकडे चीर असेल, तो सेकंड. बोट फाटलेलं असेल ती चिंधी. शेठ बघून खूश. “हा खरा मिलवाला!” त्यानं सेकंडसाठी वेगळे डबे छापून घेतले, वर लिहिलं, ‘घरकामासाठी’. भांडी घासायला असे पातळ ग्लोव्ज कोण घालतो, हे तेव्हा मी विचारलं नाही. त्या वेळी ग्लोव्जना लायसन्स लागतं असं आमच्या गाळ्यात कुणी ऐकलं नव्हतं. कुणी बघायला येत नव्हतं. डब्यावर जे लिहू ते.

पहिल्या दिवाळीला शेठनं आम्हा माणसांना विचारलं, काय पाहिजे? मी म्हणालो, सेकंडमधले थोडे घरी नेऊ का? तो म्हणाला, “ने ना, पाहिजे तेवढे ने.”

मी घरी आलो आणि पिशवी हिच्या पुढ्यात ठेवली. “घे गो. आता कुणाचे धुतलेले घालायला नकोत.”

तिनं एक हातमोजा काढला, हातात चढवला, बोटं उघडली-मिटली. संपापासून मी तिला काही आणून दिलं नव्हतं. ती म्हणाली, “नवे आहेत?”

“सेकंड आहेत.”

“मग आपलेच,” ती म्हणाली आणि हसली.

त्यानंतर दर महिन्याला मी एक पिशवी नेत होतो. हिच्याबरोबर तिथं दुसरी एक आया होती, वरळीच्या बीडीडी चाळीतली. जिभेला धार असलेली बाई. मला भावजी म्हणायची. ही तिलाही त्यातले द्यायची. आठनऊ वर्षं हे असं चाललं. पुढे त्या नव्या रोगाची, एड्सची, भीती सगळीकडे पसरली, तेव्हा बाईंनी सगळ्यांनाच सीलबंद डब्यातले ग्लोव्ज द्यायला सुरुवात केली आणि माझी पिशवी बंद झाली.

मधल्या एका वर्षातली गोष्ट सांगायची राहिली. ती टाळत होतो. एका रविवारी मांदेली साफ करताना हिच्या बोटात काटा खोल गेला. बोट सुजलं, पिकलं. सोमवारी कामावर जावं की नाही, असं ती म्हणत होती. मी म्हणालो, “हातमोजा घाल ना. घातला की काही होत नाही.” ती गेली. त्या दिवशी तिथं तीन बाळंतपणं झाली, असं तिनं आल्यावर सांगितलं होतं. दोनतीन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. जेवण जाईना. आम्ही करी रोडला एका म्हातारीकडे जाऊन कावीळ उतरवून आणली, माळ घातली, उसाचा रस पाजला. महिन्याभरात उठून ती कामाला लागली. आम्ही विसरलो. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कधी शेजारी आल्याच नाहीत.

पुढे ती कामावरून सुटली, मीही सुटलो. मुलगी लग्न होऊन बदलापूरला गेली. मग एक दिवस शेठच्या मुलाचा फोन आला. शेठ वारला होता, गाळा आता मुलगा बघत होता. म्हणाला, “काका, कायदा आलाय. ग्लोव्ज आता औषधासारखे धरणार. नोंदणी केल्याशिवाय विकता येणार नाहीत. फाइल बनवायला एक मुलगी येतेय, तिला तपासायची रीत समजावून द्या.”

मी गेलो. मला आनंदच झाला, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काम विचारतंय. फाइलवाली मुलगी दादरची, फार्मसी शिकलेली. समोर लॅपटॉप. मला मामा म्हणत होती. तिनं मला आधी तिचं काम समजावलं. म्हणाली, “मामा, अर्जात पहिला प्रश्न असतो, वस्तू कशासाठी वापरणार? त्यावरून वर्ग ठरतो. पेशंटला बाहेरून तपासायला असेल तर खालचा वर्ग. ऑपरेशनला असेल तर वरचा, त्याला कागद जास्त. भांडी घासायला असेल तर तो या कायद्यात येतच नाही.”

“रबर तर एकच असतं.”

“रबर एक असू दे. हात कुठं जाणार, ते बघतात.”

मग तिनं विचारलं, तुम्ही कसे तपासायचात? मी हवा भरून, गालाला लावून दाखवलं. ती चाट पडली. मोबाइलवर माझा व्हिडिओ घेतला. मी आणखी फुशारलो. तीन गोण्यांची गोष्ट सांगितली.

“सेकंड म्हणजे?” तिनं विचारलं.

“बारीक भोकाचे.”

“ते कुठल्या वर्गात टाकू?”

“सेकंडमध्येच.”

“मामा, असा वर्गच नाही. भोक सापडलं की तो बाद. कापून टाकायचा आणि कापला म्हणून लिहून ठेवायचं.” मग तिनं मान वर करून विचारलं, “तुमच्या वेळचे ते कोण वापरायचं?”

शेठचा मुलगा खुर्चीतून उठला. “काका, जुनं सोडा ना.”

मी म्हणालो, “घरकामाला जायचे.”

ते तोंडातून सहज निघालं. मुलीनं पुढचा प्रश्न विचारला. मी चहा न पिता घरी आलो. ही तांदूळ निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “काय हो, झाली नोंदणी?” मी म्हणालो, “त्यांची होईल, आपल्याला काय.” तरीही त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली. काय झालंय का आपल्याला? नाही ना. मग कशाला उकरायचं?

वर्षभरात हिचे पाय सुजले. मग पोट फुगलं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रिपोर्ट बघून सांगितलं, हिपॅटायटिस बी आहे, फार जुना, लिव्हर आकसत गेलंय. मला आणि आमच्या मुलीला तपासलं, आम्ही दोघंही साफ. मग त्यानं हिला विचारलं, “आजी, काम काय करत होतात?”

“बाळंतपणाच्या दवाखान्यात आया.”

“रक्ताशी संबंध यायचा?”

“रक्ताशीच यायचा.”

“हातमोजे मिळायचे?”

ही खाटेवर बसली होती. पदर सारखा केला आणि म्हणाली, “हो तर! आमचे हे आणून द्यायचे. मला कधी कमी पडले नाहीत.”

डॉक्टरनं माझ्याकडे बघून मान हलवली, चांगलं केलंत अशी. मी खाली बघितलं. तिथं सांगायला हवं होतं. डॉक्टरला, तिला, दोघांना. मी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिला दिलं.

पुढे एकदा मी डॉक्टरला बाहेर गाठून विचारलं, समजा हातमोज्याला भोक असलं तर? तो म्हणाला, “बाबा, इतक्या वर्षांनी नक्की कुणी सांगू शकत नाही. सुई टोचली असेल, काही असेल.” हे त्याचं वाक्य मी किती दिवस खिशात घालून फिरलो. सुई असेल. काही असेल. पण बोटातला काटा मला आठवत होता आणि मी काय बोललो होतो तेही.

ती सात महिने अंथरुणाला होती. त्या सात महिन्यांत मी रोज ठरवायचो. आज जेवण झालं की सांगू. आज पाय चेपताना सांगू. तिचे पाय दाबले की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. मी त्या खड्ड्याकडे बघत राहायचो. ती म्हणायची, “काय झालं? बोला की.” मी म्हणायचो, “काय नाय.” शेवटीशेवटी तिला माणूस ओळखू येईना. मग सांगण्यासारखं कुणी उरलंच नाही.

तेराव्याला ती वरळीची आया आली. आता ती चाळीच्या जागी झालेल्या नव्या टॉवरात राहते, लिफ्टनं वर जायचं. वय झालंय, हळू चालते. जिन्यात चपला काढताना मी तिचे घोटे बघितले. सुजलेले होते.

 पिशव्यांतले अर्धे हातमोजे या बाईच्या हातात गेले होते. बायको गेली ती गेली. ही आया अजून समोर उभी होती. वेळेत कळलं तर औषध आहे, हे डॉक्टर माझ्यासमोर बोलला होता. मला तेव्हाच तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मी तिला लाडू दिला आणि लिफ्ट बरी चालते का विचारलं.

अकरा महिने घालवले. माझ्यासारख्या माणसाला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं म्हणावं. शेवटी मुलगी एकदा फोनवर सहज म्हणाली, वरळीच्या मावशी आजारी आहेत असं ऐकलं. मी चपला घातल्या आणि वरळीला गेलो.

तिनंच दार उघडलं. “अगोबाई, भावजी! वाट चुकलात काय?”

“आजारी होतीस म्हणे?”

“गुडघे. दुसरं काय. बसा.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर मागे फिरलो असतो. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सेकंड म्हणजे काय, भोकं मीच कशी धरायचो, धरून परत तुमच्याच हातात कशी दिली, हिला काय झालं, तुलाही असेल, उद्याच्या उद्या रक्त तपास. ती पुढे होऊन पंखा लावून आली.

“बसा आधी. पाणी प्या.” मग समोर बसून म्हणाली, “मी कधी घातलेच नाहीत ते.”

मला कळेना.

“पहिल्याच दिवशी नळाखाली धरला. अंगठ्यातनं पाणी. दुसरा धरला, करंगळीतनं. मी सगळे कचऱ्यात टाकायचे. बाईंच्या कपाटातले दोनचार मी ढापून ठेवलेले असायचे, तेच घालायचे.”

“तिला नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. नळाखाली धरून दाखवलं. म्हटलं, तुझा नवरा भोकं तपासायला बसलाय ना तिथं?”

“मग?”

 तिला ते सांगायचं नव्हतं, ते मला दिसत होतं. मी म्हणालो, “बोल. मी ते ऐकायलाच आलोय.”

“म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस. संपापासून माणूस खाली मान घालून घरात येतो. पिशवी असली की वर मान असते. म्हणाली, मी खाली धुतलेला घालते आणि वर ह्यांचा घालते. पण मी सांगते, धुतलेला तरी कुठं रोज मिळायचा, भावजी?”

म्हणजे आमच्या हिला माहीत होतं. हॉस्पिटलात डॉक्टरपुढे ती मला झाकत होती. सात महिने मी तिचे पाय चेपत होतो, ती बोला की, बोला की म्हणत होती, आणि तिला सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते आता मला कळणार नाही.

“तुम्ही एकदा विचारलं असतंत ना तिला,” ती आया म्हणाली. आवाज चढवून नाही, भाजी निवडावी तशी बोलली. “बाई गं, ग्लोव्ज कसे आहेत? एवढंच. एकदा विचारलं असतंत तर तिनं सांगितलं असतं. खोटं बोलणारी नव्हती ती.”

नऊ वर्षं. दर महिन्याला पिशवी. दिवसभर दुसऱ्यांचे हातमोजे मी गालाला लावून तपासायचो, आणि घरी येऊन हिचे हात एकदाही बघितले नाहीत, विचारलं नाही.  मी म्हणालो, “तू तरी रक्त तपास.”

“मी घातले नाहीत म्हणतेय ना.”

“तरी तपास.”

ती वैतागली. म्हणाली, तपासते बाई, पण एकटीला रांगेत उभं राहवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर गेलो, तिला बाकावर बसवून तिच्या जागी रांगेत उभा राहिलो. तिच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा तिनं तोंड फिरवलं, मी मात्र बघत राहिलो. रक्त काढणाऱ्या मुलाच्या हातात निळे ग्लोव्ज होते. ते कुठल्या वर्गातले, कुणी तपासले, असं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. “रिपोर्ट चांगला आलाय, भावजी. काही नाही मला.”

“बरं झालं,” मी म्हणालो.

“जेवलात का?”

मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.